सामन्याच्या दिवशीचं पाणी

नांदेडजवळचं माझं माहेर जागचं तसूभरही हललं नाही, तरी एके दिवशी ते दुसऱ्या राज्यात गेलं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, तेव्हाची ही गोष्ट. माहेर परक्या राज्यात गेलं म्हणून डोळ्याला पदर लावणं रीतीला धरून झालं असतं. मी लावलाही. पण खरं सांगायचं तर ते रडू माहेरासाठी नव्हतं. त्याच दिवसांत आमची हुतूतूची टीम गेली, आणि माझ्याजवळ होतं नव्हतं तेवढं रडू मी तिच्यावरच खर्च करून बसले.

नातवंडांना हे सांगितलं की ती हसतात. "आजी, टीम गेली म्हणून कुणी रडतं का?" असं विचारतात. त्यांना मराठी धड वाचता येत नाही. तेव्हा हे लिहिलेलं ती काही वाचणार नाहीत, आणि म्हणूनच मी मोकळेपणाने लिहिते आहे.

मी लग्न होऊन हैदराबादेत काचीगुड्यात आले ती स्वातंत्र्याच्या जरा आधी. सासर जुनं शहरी, तीन पिढ्या कचेऱ्यांत आणि शाळांत नोकरी केलेली. घरात मराठी, दाराबाहेर दखनी, भिंतीपलीकडे तेलुगू. आमचे हे शाळेत मास्तर होते. घरी मराठीत बोलायचे, शाळेत उर्दूत शिकवायचे, आणि भांडायचे मात्र फक्त माझ्याशी. तरुणपणी हुतूतू खेळलेले. गुडघा दुखावला आणि खेळ सुटला, पण जित्याची खोड जाते कुठे! रस्त्याने चालतानासुद्धा समोरून कुणी आडदांड माणूस आला की ह्यांचा एक पाय आपोआप मागे जायचा.

पुढचं वर्ष वाईट गेलं. बाकीचा देश स्वतंत्र झाला आणि आम्ही अधांतरी लोंबकळत राहिलो. रझाकारांच्या धास्तीने पुष्कळांनी बायकामुलं सरहद्दीपलीकडे धाडली. मला ह्यांनी सोलापूरला एका नातलगांकडे ठेवलं. पोलीस ॲक्शन झाली, रस्ते मोकळे झाले आणि मी परत आले, तेव्हा गल्ली ओळखू येईना. काही दारांना कुलपं होती, ती मग उघडलीच नाहीत. जे होते ते एकमेकांशी हळू आवाजात बोलायचे. कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलवाल्या चाचांकडे आधी संध्याकाळी बसायला जागा नसायची. आता ते एकटेच रिकाम्या बाकांवरून फडकं फिरवत असायचे. कोण कुणाला काय बोलेल ह्याचा नेम नव्हता, म्हणून कुणीच काही बोलत नव्हतं.

टीम आली ती अशा दिवसांत. आली म्हणजे कुणी आणली नाही, आपसूक उगवली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका सरकारी खात्याची कचेरी होती. तिथे परभणी, नांदेड, बीडकडची शेतकऱ्यांची पोरं शिपाई आणि कारकून म्हणून लागली. संध्याकाळी कचेरी सुटली की रेल्वेलाइनच्या कडेच्या ओसाड मैदानात ती रेघ मारून हुतूतू खेळायची. हे शाळेतून येताना कडेला उभे राहायचे. चार दिवस गप्प राहिले. पाचव्या दिवशी राहवेना. "अरे, पकड अशी घालतात होय? गळ्यात पडायचंय की पाय ओढायचाय?" म्हणत मैदानात शिरले, आणि त्या दिवसापासून माझ्या हातचे गेले ते गेलेच.

त्या पोरांतला एक परभणीकडचा होता. अंगाने काटक, मानेवर ऊन बसलेलं, बोलायला अघळपघळ. त्याला राहायला जागा नव्हती, म्हणून ह्यांनी त्याला आमच्या मागच्या खोलीत आणून ठेवलं. मला विचारलं नाही. पहिल्याच संध्याकाळी तो खेळून आला, थेट स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या रांजणाकडे गेला, लोटा बुडवला आणि गटागटा प्यायला. माझ्या डोक्याची शीर उठली.

"विचारायची काही पद्धत आहे की नाही?" मी म्हणाले.

त्याने तोंड पुसलं आणि अगदी नवल वाटल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, आपल्याच घरात पाणी मागून पितंय व्हय कुणी?"

मी लोटा हिसकावून घेतला आणि घासायला टाकला. दुसऱ्या दिवशी रांजणात दोन घागरी जास्त भरल्या, कारण त्याच्यामागून बाकीची पोरंही येणार हे मला दिसत होतं. आली. पुढची सातआठ वर्षं येतच राहिली. तो कॅप्टन झाला. मीही त्याला कॅप्टनच म्हणायची, आधी चिडवायला आणि मग सवयीने.

टीम कागदावर कचेरीची होती, पण होती ती गल्लीची. पोरांत एक तेलुगू होता, एक मुसलमान. आमच्याकडे तेव्हा दम घ्यायचा शब्द ज्याचा त्याचा असे. परभणीवाला "हुतूतू" करत जाई, दुसरा "कबड्डी" म्हणे, तिसरा "चेडुगुडु". पंच फक्त दम तुटला की नाही तेवढं बघायचा. सामन्याच्या सकाळी गल्लीतल्या बायका मैदानात पाणी शिंपडायला जायच्या, धूळ बसावी म्हणून. ही रीत कुणी घातली ते आठवत नाही. एका बाजूने मी बादली घेऊन जायची, दुसऱ्या बाजूने आमची शेजारीण अक्का. अक्काला मराठी येत नव्हतं आणि मला तेलुगू, पण "मन पिल्ललु" एवढं मला कळायचं. आपली मुलं. सामना सुरू झाला की ती भिंतीवर चढून तेच ओरडायची. चाचांच्या हॉटेलातले बाक पुन्हा भरले. लोक पुन्हा मोठ्याने बोलू लागले, वाद घालू लागले. गल्लीला आवाज आला तो ह्या पोरांमुळे, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन.

आता त्या नियमाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

एकदा बेगम बाजारात सामना होता. तिथले व्यापारी मोठे मानी आणि दिलदार. पाहुण्या टीमला उपाशी कसं खेळवायचं, म्हणून त्यांनी दुपारी पोरांना पंगतीला बसवलं. पुऱ्या, जिलेब्या, वर बासुंदी. आमची पोरं खेड्यातली. समोर बासुंदीचं पातेलं आणि वाढणारा आग्रह करतोय म्हटल्यावर त्यांनी पोटाला "जागा आहे का" असं विचारलं नाही. संध्याकाळी मैदानात सगळ्यांचे पाय जड. कॅप्टन चढाईला गेला आणि रेघेपाशीच वाकून उभा राहिला. पुढचं लिहीत नाही. समोरच्या टीमने पंगतीत फक्त वाढपी पाठवले होते, जेवायला एकही गडी बसला नव्हता, हे आमच्या शहाण्या मास्तरांच्या लक्षात सामना हरल्यावर आलं.

घरी आल्यावर मी एकेकाला उभं करून बोलले. ह्यांनाही सोडलं नाही. मग सगळ्यांना ताटावर हात ठेवायला लावून शपथ घ्यायला लावली. "सामना संपेस्तोवर परक्याच्या मोहल्ल्यातलं अन्न शिवायचं नाही. पाणीसुद्धा नाही. देव येऊन वाढायला लागला तरी हात जोडायचे आणि मागे सरायचं. सामना संपला की मग काय हवं ते खा." कॅप्टन सगळ्यात पुढे होता. त्याने ताटावर दोन्ही हात ठेवले होते.

तेव्हापासून सामन्याच्या दिवशी जेवण आमच्याकडे. ज्वारीची भाकरी, मुगाचं पातळ वरण, ताक, वर गुळाचा खडा. मीच करायची आणि मोजकंच वाढायची. आणि बरोबर पाणी आमच्या रांजणातलं. माझ्या माहेरची एक तांब्याची कळशी होती. रुखवतात आलेली, एका बाजूला पोचा पडलेली. ती सायकलच्या कॅरिअरला बांधून पोरं शहरभर फिरायची. नल्लकुंट्यात सामना असो की आणखी कुठे, आधी कळशी शिरायची, मागून टीम. लोक हसायचे. "आले काचीगुड्याचे सोवळे!" म्हणायचे. त्या एका कळशीला सगळ्या जातीधर्माची तोंडं लागत होती, तेव्हा सोवळं ते कसलं डोंबलाचं! चाचा मला चिडवायचे, "क्या वैनी, बच्चे पानी बी घर का पीतें. हमारी चाय में क्या जहर है?" मी म्हणायची, "चाचा, तुम्ही तर घरचेच. पण चहाने घसा कोरडा पडतो. जिंकून येऊ देत, मग पाजा." आणि ते पाजायचेही, हरून आले तरी.

ते दिवस फार चांगले होते. मला आणखी काही सुचत नाही त्याबद्दल लिहायला.

मग राज्य मोडायचं ठरलं. भाषेप्रमाणे वाटणी. आमच्या लोकांना आनंद झाला होता, आणि तो खोटा नव्हता. मराठी मुलुख एक होणार म्हणून ह्यांनीही पेढे वाटले. वाटणी म्हणजे काय ते आमच्या डोक्यात शिरलं नव्हतं. आम्हाला वाटलं, नकाशावर रेघ ओढतील आणि आपण आहोत तिथे आहोत. हुतूतू खेळणाऱ्यांना तरी कळायला हवं होतं की रेघ मारली की दोन बाजू होतातच.

कचेरीचा मराठी विभाग औरंगाबादला हलवायचा हुकूम आला. साहेब मराठी, टीमचे शौकीन. त्यांनी टेबलं, कपाटं आणि फायलींबरोबर टीमही उचलायची ठरवली. तेलुगू आणि मुसलमान गडी इथल्याच कचेरीत राहणार होते, बाकीचे सगळे जाणार. हे साहेबांकडे गेले. मी ह्यांना त्याआधी कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. साहेब सभ्य माणूस, चहा पाजला, म्हणाले, "मास्तर, तिकडेही मैदान आहे. आणि मुलं आपल्या मुलखात जातायत, तुम्हाला आनंद नाही का?"

हे घरी येऊन बसले. म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. त्यांचा मुलुख तोच." मला राग आला. म्हटलं, "आणि ही गल्ली काय धर्मशाळा होती?" पण मनातून मलाही ठाऊक होतं. कॅप्टनची म्हातारी आई परभणीकडे एकटी होती. औरंगाबादहून तो सणासुदीला घरी जाऊ शकणार होता. गल्लीतले लोक त्याला गळ घालत होते, "तू थांब, तू राहिलास तर बाकीचे राहतील." चाचांनी तर त्याला हॉटेलात बसवून घेऊन किती समजावलं. तो माझ्याकडे आला. रांजणाशी उभा राहिला, लोटा बुडवला आणि न पिता हातात धरून ठेवला.

"वहिनी, तुम्ही सांगा. तुम्ही रहा म्हणलात तर मी राहतो."

तिकडे आई एकटी असताना वहिनीने काय बोलायचं असतं? मी म्हणाले, "जा बाबा. आईला तुझ्याशिवाय कोण आहे?" तो पाणी प्यायला आणि लोटा उपडा घालून गेला. मी त्या दिवशी भाकऱ्या करपवल्या.

काचीगुडा स्टेशनवर सगळी गल्ली लोटली होती. अक्का आली, तिची सासूसुद्धा आली. चाचांनी हॉटेल बंद ठेवलं. ईदेशिवाय ते कधी बंद नसायचं. पोरं खिडक्यांतून हात बाहेर काढून बसली होती. मी कळशी भरून नेली होती. कॅप्टनच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही ठेवा. तिकडे कोण भरून देणार? आणि नियम विसरू नका."

"मेलो तरी इसरणार न्हाई, वहिनी," तो म्हणाला.

त्याने वाकून नमस्कार केला. गाडी हलली. अक्का "मन पिल्ललु, मन पिल्ललु" म्हणत गाडीबरोबर चालत राहिली, प्लॅटफॉर्म संपेपर्यंत. हे सिग्नलच्या खांबाकडे बघत उभे होते. मला तेव्हा वाटलं, माणसांना टाळ्या वाजवून निरोप देतात ते बरं असतं. आम्हाला कुणालाच ते सुचलं नाही.

त्यानंतरच्या संध्याकाळी फार लांबल्या. मैदान होतं तिथेच, पण पाणी शिंपडायला जायचं कशाला? अक्का आणि मी भेटायचो, पण बोलायला काही निघेना. दोन बायकांची दोन भाषांतली मैत्री त्या एका शब्दावर उभी होती हे तेव्हा कळलं. चाचांचे बाक हळूहळू रिकामे झाले. लोक आता दुसऱ्या गोष्टींवर वाद घालायचे, कुणाचं राज्य कुणाला मिळालं, नोकऱ्या कुणाला मिळाल्या. पूर्वी मॅचवरून भांडण झालं की चहावर मिटायचं. हे भांडण मिटत नव्हतं. आमच्याकडे पाहून कुणीतरी म्हणायचं, "मास्तर, तुमचं राज्य तर तिकडे झालं, तुम्ही इथे कसे?" थट्टाच असायची. हे हसायचे. मी नाही हसायची. तीन पिढ्यांची हाडं ह्या मातीत गेलेल्या माणसाला हे विचारायचं म्हणजे काय!

राहिलेल्या दोघांनी आणि गल्लीतल्या पोरांनी मिळून नवी टीम उभी केली. हे कडेला उभे राहून शिकवायचे, पण आवाजात पूर्वीची धार नव्हती. तेलुगू पोरगा आता कॅप्टन झाला होता. चांगला होता बिचारा.

आणि मग दोनेक वर्षांनी चाचा धावत आले. औरंगाबादची टीम गल्लीच्या नव्या टीमशी सामन्याला येणार होती. हैदराबादेत. आमच्याच मैदानावर.

त्या बातमीने ह्यांचा गुडघा बरा झाला म्हणा ना! मी दोन दिवस आधी ज्वारी निवडली. मूग आणले, ताकासाठी दूध जास्त लावलं, गूळ फोडून ठेवला. सामन्याच्या सकाळी अक्काने हाक मारली नाही, मी मारली नाही, पण दोघी एकाच वेळी बादल्या घेऊन दारात. मैदानावर पाणी शिंपडताना ती हसत होती आणि डोळे पुसत होती. घरी येऊन मी भाकऱ्या थापल्या, टोपलीत फडक्यात गुंडाळल्या, वरणाचा डबा भरला, नवी घागर रांजणातल्या पाण्याने भरली. ह्यांनी सायकलला सगळं बांधलं आणि आम्ही दोघं निघालो. टीमला जवळच्याच एका शाळेत उतरवलं होतं. चालताना हे मला सारखे म्हणत होते, "भाकऱ्या मऊ आहेत ना? दम लागायला नको."

शाळेच्या व्हरांड्यात पोरं बसली होती. निम्मी नवी. आमच्यापैकी चारपाचच उरले होते, बाकीच्यांच्या बदल्या झाल्या होत्या, कुणी जालन्याला, कुणी आणखी कुठे. आणि खांबाशी माझी कळशी ठेवलेली होती. पोचा भिंतीकडे करून. वर फडकं बांधलेलं.

कॅप्टन उठून आला. आमच्या दोघांच्या पाया पडला. ह्यांना मिठी मारली, आणि हे त्याच्या पाठीवर थोपटत राहिले. मी टोपली खाली ठेवली आणि फडकं सोडलं. "बसा रे सगळे. पानं घ्या. मोजकंच आणलंय, उगीच डोळे वटारू नका," मी म्हणाले.

कुणी उठलं नाही. नवी पोरं कॅप्टनकडे बघायला लागली. आणि कॅप्टन माझ्याकडे बघत नव्हता.

"वहिनी," तो म्हणाला, "सामना संपल्यावर खाऊ."

मला कळलंच नाही. म्हटलं, "संपल्यावर कशाला? हे सामन्याच्या आधीचंच जेवण आहे. तुला माहीत नाही का?"

"माहीत हाय," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "म्हणूनच म्हणायलोय. ही पोरं नवी हायेत, वहिनी. शपथ घेतलीय त्यांनी माझ्याकडून. ताटावर हात ठेवून. आज मीच मोडली तर उद्या कुठं बी खातील."

मी टोपलीवर फडकं टाकलं. चारी टोकं नीट खोचली. एका नव्या पोराने विचारलं, "कोण हायेत ह्या?" आणि दुसरा म्हणाला, "हैदराबादवाल्यांकडून आल्यात." वाईट हेतूने म्हणाला नाही तो. तेच तर खरं होतं. शपथ घालताना परका कोण, हे मी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच वाटली नव्हती.

हे म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." ह्यांना नेहमी सगळ्यांचंच बरोबर वाटतं. त्याचं बरोबर होतं, म्हणूनच मला बोलायला जागा नव्हती. चूक असता तर त्याचा कान धरला असता.

सामना मी पाहिला. अक्का भिंतीवर होती. समोरासमोर दोन्ही बाजूंना आपली मुलं, बिचारीला कुणाच्या नावाने ओरडावं ते कळेना, ती तोंडाला पदर लावून बसून राहिली. हे पहिल्यापासून औरंगाबादच्या बाजूने ओरडत होते. मुद्दाम नाही, घसा आपोआप तिकडेच वळायचा. कॅप्टन चढाईला निघाला की ह्यांचा पाय मागे जायचा. तो दोन गडी बाद करून, अंगावर पडलेल्यांना ओढत रेघेला हात लावून आला तेव्हा हे उडीच मारते झाले. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. त्या लोकांत ह्यांच्या हाताखाली शिकलेली पोरंही होती.

औरंगाबाद जिंकलं. मैदानातून परतताना आमच्या गल्लीतला एक जण ह्यांना म्हणाला, "मुबारक हो मास्तर, तुमचे जिंकले."

तुमचे. आणि सकाळी तिकडच्यांना आम्ही हैदराबादवाले. मी चालता चालता थांबले. इतकी वर्षं मला वाटत होतं की आमची टीम गेली, आम्ही आहोत तिथे राहिलो. तसं नव्हतं. तिच्याबरोबर आमच्या पायाखालचंही काहीतरी गेलं होतं. हे मैदानातच रेंगाळले, हरलेल्या पोरांची समजूत घालत. मी घरी आले. भाकऱ्यांची टोपली ओट्यावर तशीच ठेवली आणि दिवेलागण केली नाही.

थोड्या वेळाने दारात सावली पडली. कॅप्टन होता. धापा टाकत आला होता, अंगावर मैदानाची माती तशीच, हातात माझी कळशी. त्यांची गाडी सुटायची वेळ होत आली होती. बाकीची पोरं स्टेशनकडे गेली होती.

"जेवायला वेळ न्हाई राहिला, वहिनी," तो म्हणाला. "भाकरी बांधून द्या. गाडीत खाऊ सगळे."

मी टोपली फडक्यासकट त्याच्या बाजूला सरकवली. तो उंबऱ्याच्या बाहेर उभा होता. चपला काढल्या होत्या, पण पाऊल आत टाकलं नव्हतं. त्याने कळशी पुढे केली.

"आणि पाणी मिळेल का? वाटंला लागेल."

रांजण होता तिथेच होता, स्वयंपाकघराच्या दाराशी. त्याला दारातून दिसत होता. लोटा त्याच्यावरच उपडा घातलेला होता. मला वाटलं, आता हा स्वतःच जीभ चावेल, म्हणेल, बघा की वहिनी, मी मागायलोय, आणि हसून आत येईल. तो नम्रपणे उभा राहिला, कुणाही भल्या माणसाने दुसऱ्याच्या दारात उभं राहावं तसा.

मी कळशी घेतली, भरली, पदराने पुसली आणि त्याच्या हातात दिली. त्याला आत ये म्हणाले नाही. घरच्या माणसाला ये म्हणावं लागत नाही, आणि पाहुण्याला म्हणतात तसं त्याला म्हणायला माझी जीभ वळली नाही.